सोसायटीचं रिपेअर लांबलं तर कॉन्ट्रॅक्टरकडून भरपाई कशी घ्यायची: करारापासून फायनल बिलापर्यंत

दिवाळी झाली की ठाण्यात एकेक बिल्डिंगला बांबू लागायला सुरुवात होते. नौपाडा, कोपरी, वर्तकनगर, तिकडे वाशी-नेरूळचे जुने सेक्टर, सगळीकडे तीस-पस्तीस वर्षांच्या इमारती, खाडीची दमट खारी हवा, सळ्या गंजून प्लॅस्टर सुटलेलं. करारात सहा महिने लिहिलेले असतात, पण मे संपतो, पहिला पाऊस येतो, टेरेसचं वॉटरप्रूफिंग अर्धवट, वरच्या मजल्यावर बेडरूममध्ये बादल्या ठेवलेल्या, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांची एकच मागणी की कॉन्ट्रॅक्टरला पेनल्टी लावा.

पेनल्टीचा क्लॉज जवळपास सगळ्याच करारांत असतो. तरी ती वसूल होत नाही, कारण त्या क्लॉजला आधार देणारा कागदच कमिटीकडे नसतो. मुदत नेमकी कुठल्या तारखेला संपली, उशिरातले किती दिवस कॉन्ट्रॅक्टरचे आणि किती आपले, मुदत संपल्यावर आपण त्याला काय कळवलं, ह्यातलं काहीच लिहिलेलं नसतं, आणि मग फायनल बिलाच्या वेळेला कॉन्ट्रॅक्टर चार कारणं सांगतो आणि कमिटी गप्प बसते. मी ठाण्यात सोसायट्यांच्या रिपेअरच्या कामांवर इंजिनिअर म्हणून असतो, दोन्ही बाजूंची भांडणं जवळून बघतो, त्यामुळे करार करायच्या आधीपासून कसं कसं जायचं ते क्रमाने लिहितोय. सेक्रेटरी, खजिनदार, किंवा मीटिंगमध्ये प्रश्न विचारणारा साधा सभासद, कोणालाही उपयोगी पडेल.

एक आधीच स्पष्ट करतो, हे सोसायटी आणि कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्यातल्या करारांबद्दल आहे. घोडबंदरला बिल्डरकडून फ्लॅट घेतलाय आणि पझेशन लांबलंय तर तो रेराचा, म्हणजे बिल्डर आणि फ्लॅटखरेदीदार ह्यांच्यासाठीच्या कायद्याचा विषय, तिथे कलम १८ आहे, फ्लॅट ठेवायचा असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरच्या (बँकेच्या कर्जाच्या मूळ व्याजदराच्या) वर २ टक्के असा आहे. तिथला हक्क कायद्यानेच दिलेला आहे. रिपेअरच्या कामाला असं काही तयार मिळत नाही, इथे तुमचा करार आणि १८७२ चा करार कायदा, एवढंच.

पहिली गोष्ट, तारीख

"वर्क ऑर्डरपासून सहा महिने" असं कधीही लिहू नका. वर्क ऑर्डर १ तारखेला निघते, ॲडव्हान्स २० तारखेला जातो, बांबू पुढच्या महिन्यात लागतात, आणि नंतर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माझे सहा महिने बांबू लागल्यापासून. त्याचं म्हणणं पूर्ण चूकही नसतं कारण तुम्ही कागदावर जागा मोकळी ठेवलीत. सरळ कॅलेंडरची तारीख टाका, काम सुरू अमुक तारखेला, पूर्ण अमुक तारखेला, आणि ॲडव्हान्स किंवा जागेचा ताबा द्यायला उशीर झाला तर तेवढेच दिवस पुढे सरकतील असं एक वाक्य. तारीखच नसेल तर करार कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे "वाजवी वेळ" धरला जातो आणि वाजवी म्हणजे किती ह्यावर दोन्ही वकील आरामात वर्ष काढतात.

मधल्या तारखाही हव्यात. ए विंगचं बाहेरचं प्लॅस्टर कधी, बी विंगचं कधी, टेरेस कधी. मुंबई-ठाण्यात मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, त्याआधी वळवाचे एक-दोन पाऊस येऊन जातातच, त्यामुळे टेरेस, गच्चीवरच्या टाक्यांखालचा भाग, छज्जे आणि बाहेरच्या भेगा ह्या कामांची तारीख १५ मेच्या पुढे ठेवू नका. आतलं जिन्याचं रंगकाम जुलैत झालं तरी कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून मी नेहमी सुचवतो की सगळ्या कामाला एकच भरपाई न लावता पावसाच्या आधी संपायलाच हव्यात अशा कामांसाठी वेगळी तारीख आणि वेगळी, जरा जास्त रक्कम ठेवा.

आणि "पावसाळ्याचे दिवस मुदतीत धरले आहेत" हे वाक्य विसरू नका. जूनमध्ये पाऊस पडतो हे ठाण्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहिती असतं, ते अनपेक्षित संकट नव्हे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून गेलं तसं काही झालं तर ती वेगळी गोष्ट, तिथे दिवस वाढवून द्यायलाच हवेत. होळीला लेबर गावी जाणं हेही तसंच, दरवर्षी जातं, कॉन्ट्रॅक्टरने ते आधीच धरून मुदत मागायची.

रक्कम किती लिहायची

बऱ्याच सोसायट्या इथे रागाने आकडा टाकतात, "रोज २५,००० दंड", आणि मोठा आकडा म्हणजे मोठी सुरक्षा असं समजतात, पण कायदा तसा चालत नाही. करार कायद्याचं कलम ७४ काय म्हणतं तर करारात रक्कम लिहिलेली असेल तर करार मोडल्यावर समोरच्याला वाजवी भरपाई मिळेल, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही. म्हणजे तुमचा आकडा ही वरची मर्यादा आहे, तेवढे मिळतीलच अशी हमी नाही. सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या फतेहचंद केसपासून हेच धरलंय, आणि तुम्ही त्याला दंड म्हणा, पेनल्टी म्हणा, एलडी (लिक्विडेटेड डॅमेजेस, म्हणजे आधीच ठरवलेली भरपाई) म्हणा, नावाने फरक पडत नाही.

पुढे दोन निकाल आहेत जे प्रत्येक कमिटीला माहिती हवेत. २००३ चा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाईप्स, ज्यात कोर्टाने म्हटलं की रक्कम ही नुकसानीचा प्रामाणिक आधीच केलेला अंदाज असेल, आणि कामच असं असेल की नुकसान पैशात मोजणं अवघड, तर ती लिहिलेली रक्कम वाजवी धरता येते. आणि २०१५ चा कैलाश नाथ विरुद्ध डीडीए, ज्यात स्पष्ट सांगितलं की नुकसान झालेलंच नसेल तर कलम ७४ खाली भरपाई नाही, आणि जे नुकसान सिद्ध करता येण्यासारखं आहे ते सिद्ध करावंच लागेल.

दोन्ही एकत्र वाचले की आपल्यासाठी कृती साधी आहे. करार करतानाच एक पान बसून लिहा की काम एक आठवडा लांबलं तर सोसायटीचं काय काय जाईल. कन्सल्टंटची (कामावर देखरेखीला सोसायटीने नेमलेल्या इंजिनिअरची) जादा फी, बांबू असेपर्यंत ठेवलेला जादा वॉचमन, कामासाठी लागणारं टँकरचं पाणी आणि कॉमन मीटरची वीज, पार्किंग बंद असल्यामुळे बुडणारी रक्कम, लिकेज राहिल्याने आत होणारं नुकसान, आणि सभासदांनी खिडक्या बंद करून राहायचा त्रास जो पैशात मोजता येत नाही. हे पान कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, कॉन्ट्रॅक्टरची सही घ्या. मला ह्या एका पानाची किंमत सगळ्या करारापेक्षा जास्त वाटते, कारण उद्या आर्बिट्रेटरने (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या लवादाने) विचारलं हा आकडा कुठून काढला तर उत्तर तयार असतं आणि ते समोरच्याने मान्य केलेलं असतं.

प्रॅक्टिसमध्ये आठवड्याला अर्धा टक्का हा दर बऱ्याच करारांत दिसतो आणि कमाल मर्यादा ५ किंवा १० टक्के. सरकारी कामांच्या बी-वन फॉर्ममध्येसुद्धा उशिराची भरपाई जास्तीत जास्त १० टक्केच आहे. आता गणित बघा. ६० लाखांचं काम, अर्धा टक्का म्हणजे आठवड्याला ३०,००० रुपये. मर्यादा ५ टक्के ठेवली तर ३ लाख, म्हणजे दहा आठवड्यांत संपली, आणि अकराव्या आठवड्यापासून कॉन्ट्रॅक्टरला उशिराचं काहीच वाटत नाही, तो लेबर उचलून दुसऱ्या साईटवर नेतो. म्हणून एक तर मर्यादा १० टक्के ठेवा, नाही तर मर्यादा गाठली की करार संपवून उरलेलं काम त्याच्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घ्यायचा हक्क लिहा. दोन्ही लिहिलंत तर उत्तमच.

सभासदांच्या नुकसानीचं एक आहे. करार सोसायटीचा असतो, फ्लॅटमालकाचा नसतो, त्यामुळे ४०२ मधल्या फॉल्स सीलिंगचं नुकसान सोसायटीचं की सभासदाचं असा प्रश्न कॉन्ट्रॅक्टर हमखास काढतो. "सभासदांच्या सदनिकांचं नुकसान सोसायटी त्यांच्या वतीने मागू शकेल" एवढं वाक्य टाकून ठेवा.

क्लॉज साधारण असा असू द्या, शब्द तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या:

"काम पूर्ण करण्याची तारीख ___ आहे. ही तारीख, किंवा सोसायटीने लेखी वाढवून दिलेली तारीख, उलटल्यानंतर काम पूर्ण होईपर्यंत प्रत्येक आठवड्यासाठी किंवा आठवड्याच्या भागासाठी कॉन्ट्रॅक्टर जीएसटी वगळून मूळ करार रकमेच्या ०.५ टक्के इतकी भरपाई देईल. एकूण भरपाई करार रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असणार नाही. ही रक्कम परिशिष्टात दिलेल्या नुकसानीचा दोन्ही पक्षांना मान्य असलेला अंदाज आहे. सोसायटी ही रक्कम कोणत्याही देय बिलातून, रिटेन्शनमधून (बिलांतून राखून ठेवलेल्या रकमेतून) किंवा बँक गॅरंटीतून वळती करून घेऊ शकेल. मुदत वाढवून दिल्याने भरपाईचा हक्क सोडला असं होणार नाही, तसं लेखी लिहून दिलं तरच होईल."

मुदतवाढीचा क्लॉज, जो सोसायट्या टाळतात

कमिटीला वाटतं मुदतवाढीचा क्लॉज घातला की कॉन्ट्रॅक्टरला पळवाट मिळाली. उलट तो नसेल तर तुमच्याच चुकीने दोन आठवडे गेले तरी तारीख पुढे नेण्याची सोयच राहत नाही, आणि मग कॉन्ट्रॅक्टर म्हणू शकतो की तुम्ही मला अडवलंत म्हणून जुनी तारीखच गेली, आता मी वाजवी वेळेत करीन. भरपाई मोजायला पक्की तारीख लागते, ती जिवंत ठेवण्यासाठी मुदतवाढीचा क्लॉज तुमच्याच फायद्याचा.

तीन कारणांना दिवस द्यावेच लागतात. पहिलं, आपण पैसे उशिरा दिले. दुसरं, कामाचं प्रमाण वाढलं, आणि रिपेअरमध्ये हे होतंच होतं कारण प्लॅस्टर तोडल्याशिवाय आत कॉलमची काय अवस्था आहे ते कोणालाच दिसत नाही, बीओक्यूमध्ये (कामांच्या प्रमाणाच्या यादीत) १००० चौरस फूट धरलेलं पॉलिमरचं (खराब काँक्रीटच्या दुरुस्तीचं) काम १८०० वर जातं, मग वाढीव कामाला किती दिवस हे करारातच सूत्राने ठरवून ठेवा. तिसरं कारण सगळ्यात जास्त भांडणाचं, सभासद दार उघडत नाहीत. बाथरूमचं लिकेज वरून काढायचंय आणि वरचा सभासद म्हणतो मुलीची बारावी आहे, मार्चनंतर या. कोणी पुण्याला राहतो, किल्ली शेजारी नाही. कोणी ग्रिल काढू देत नाही, कोणी एसीचं आउटडोअर हलवू देत नाही. कॉन्ट्रॅक्टरचं गँग दोन दिवस बसून राहतं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या साईटवर जातं, ते परत आणायला आठवडा. हे सगळे दिवस सोसायटीच्या खात्यात पडतात. म्हणून जनरल बॉडीतच ठराव करून घ्या की कामासाठी फ्लॅट कुठल्या आठवड्यात मोकळा ठेवायचा, आणि प्रत्येक सभासदाला तसं पत्र देऊन पोचसही घ्या. रंगाची शेडसुद्धा आधीच ठरवा, शेडवरून महिना गेलेली सोसायटी मी बघितली आहे.

कॉन्ट्रॅक्टरवरही अट हवी, अडथळा आला की सात दिवसांत लेखी कळवायचं, व्हॉट्सॲप नव्हे तर ईमेल किंवा पत्र, आणि किती दिवस लागतील तेही. छोटे कॉन्ट्रॅक्टर वाचत असतील तर त्यांनाही तेच सांगेन, तुमचा चेक अडकला, सभासदाने अडवलं, की त्याच दिवशी पत्र द्या, सहा महिन्यांनी आठवून सांगितलेलं कोणी धरत नाही.

"वेळ हा ह्या कराराचा गाभा आहे" असं वाक्य सगळे घालतात आणि त्यावर फार भरवसा ठेवतात. १९७९ मध्ये हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र शासन ह्या केसमध्ये, नाशिकच्या डाव्या कालव्यावरच्या जलसेतूचं काम होतं, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसतं तसं लिहून भागत नाही, करारात मुदतवाढ आणि उशिराचा दंड दोन्ही असतील तर वेळ हा गाभा नाही असंच साधारण दिसतं. ह्याचा अर्थ एवढाच की तारीख उलटल्याबरोबर दुसऱ्या दिवशी करार रद्द करता येत नाही. भरपाईचा हक्क जात नाही. रद्दच करायचा असेल तर आधी लेखी नोटीस देऊन एक नवी, वाजवी तारीख द्यायची आणि ती शेवटची आहे असं सांगायचं.

पैसे आपल्या हातात कसे राहतील

शेवटच्या बिलापर्यंत ९५ टक्के रक्कम देऊन टाकली असेल तर भरपाईचा क्लॉज फक्त वाचायला चांगला. प्रत्येक आरए बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलातून) ५ ते १० टक्के रिटेन्शन कापा, आणि ॲडव्हान्स दिला असेल तर बँक गॅरंटीवरच द्या. गॅरंटी बिनशर्त, मागितल्याबरोबर देणारी हवी, आणि तिच्यावरच्या तारखेवर लक्ष ठेवा, काम लांबलं तर गॅरंटीही वाढवून घ्यायला लागते, ही गोष्ट खजिनदाराच्या कॅलेंडरवर महिनाभर आधीची नोंद म्हणून असू द्या. मुदतीनंतरच्या कामाचं बिल पास करताना त्याच बिलातून चालू भरपाई राखून ठेवा, सगळी शेवटी एकदम कापू नका, एकदम कापलं की भांडण पेटतं आणि अर्धवट टेरेस तसंच राहतं.

आणखी एक, स्टॅम्प ड्यूटी. काम करून घेण्याच्या कराराची ड्यूटी करार रकमेवर ठरते, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडचा ५०० चा पेपर दरवेळी पुरत नाही. कमी ड्यूटीचा करार पुरावा म्हणून चालवायला आधी फरक आणि दंड भरावा लागतो, आणि नेमकं त्या वेळेला ते जड जातं.

काम चालू असताना

गेटवर एक जाड रजिस्टर ठेवा. रोज किती माणसं आली, कुठल्या विंगला काय काम झालं, मटेरियल काय आलं, काम थांबलं असेल तर कशामुळे आणि किती तास. सुपरवायझरची आणि आपल्या कोणाची तरी सही. अडथळ्यांची नोंद मागच्या बाजूने वेगळी करा, सरकारी कामात ह्याला हिंड्रन्स रजिस्टर म्हणतात, तीन रकाने पुरतात: अडथळा कधी सुरू, कधी संपला, कोणामुळे. दर शनिवारी साईट मीटिंग, चार ओळींचे मिनिट्स, ईमेलने दोघांना. तारखेचे फोटो काढा, विशेषतः ज्या दिवशी साईटवर दोनच माणसं असतात त्या दिवशी.

हे कंटाळवाणं आहे आणि कमिटीतली माणसं नोकरी सांभाळून हे करतात हे मला माहितीये, पण रिटायर्ड सभासद ह्या कामाला फार छान असतात, त्यांना विचारा, ते मनापासून करतात.

घोडबंदर रोडला अवजड गाड्यांना ठराविक वेळ बंदी असते म्हणून मटेरियल अडकलं असं कारण येतं, रजिस्टरमध्ये मटेरियलची एन्ट्री असेल तर ते खरं की खोटं लगेच कळतं.

मुदत संपतेय तेव्हा

हा भाग नीट वाचा कारण सगळ्यात जास्त हक्क इथेच जातात. करार कायद्याचं कलम ५५ सांगतं की वेळ चुकल्यामुळे करार मोडायचा हक्क तुम्हाला आला होता, तरी तुम्ही उशिरा झालेलं काम स्वीकारलंत, तर उशिराच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही, स्वीकारताना तुम्ही तसा इरादा नोटिशीने कळवला असेल तर मात्र येते. आणि आपल्याकडे होतं काय, तारीख उलटते, चेअरमन फोनवर म्हणतात "ठीक आहे हो, पंधरा दिवसांत उरका", बिलं पास होत राहतात, शेवटी कम्प्लिशन सर्टिफिकेटवर सही होते, आणि कुठेही एक ओळ नसते की आम्ही भरपाईचा हक्क राखून ठेवलाय. तुमच्या करारात वेळ गाभा असो नसो, नोटीस द्यायचीच.

किमान तीन पत्रं जायला हवीत. महिनाभर आधी पहिलं, की राहिलेलं काम इतकं, तारीख अमुक, कसं पूर्ण करणार त्याचा आराखडा द्या. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरं. आणि काम ताब्यात घेताना तिसरं. दुसऱ्या पत्रात साधारण हे लिहा:

"करारातील तारीख ___ संपली असून खालील काम अपूर्ण आहे. आपण काम चालू ठेवावे, मात्र ह्यापुढे होणारे काम स्वीकारताना किंवा बिले अदा करताना सोसायटी विलंबाच्या भरपाईचा आपला हक्क सोडत नाही. करारातील कलम ___ प्रमाणे भरपाई ___ पासून मोजली जाईल. आपल्याकडे मुदतवाढीचे कारण असल्यास पुराव्यासह ७ दिवसांत कळवावे."

ईमेल करा आणि स्पीड पोस्टसुद्धा करा, पावती फाईलला लावा. मुदतवाढ द्यायची झाली तरी पत्रात एक वाक्य ठेवा, "भरपाईचा हक्क राखून". कॉन्ट्रॅक्टर नाराज होईल असं कमिटीला वाटतं, पण व्यवस्थित काम करणाऱ्याला अशा पत्राचं काही वाटत नाही, तो त्याचं उत्तर देतो आणि त्यातून खरे दिवस समोर येतात.

हिशोब

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. करार जीएसटी सोडून ६० लाख, मुदत १८० दिवस, सुरुवात १५ ऑक्टोबर २०२४, म्हणजे शेवटचा दिवस १२ एप्रिल २०२५. काम प्रत्यक्षात संपलं २० जून २०२५ ला. १३ एप्रिलपासून २० जूनपर्यंत ६९ दिवस उशीर.

आता रजिस्टर उघडा. तिसरं आरए बिल करारातल्या दिवसांपेक्षा उशिरा दिलं, त्यामुळे काम ९ दिवस बंद. कॉलमचं काम वाढलं त्याचे सूत्राप्रमाणे १२ दिवस. दोन फ्लॅट उघडले नाहीत म्हणून ६ दिवस. बेरीज २७, पण फ्लॅटच्या ६ पैकी ५ दिवस बिलासाठी काम बंद असतानाच्या दिवसांतलेच होते, तेच दिवस दोनदा धरायचे नाहीत, म्हणजे २२. हे सोसायटीच्या खात्यातले. ६९ वजा २२, राहिले ४७ दिवस. सहा आठवडे आणि ५ दिवस, क्लॉजमध्ये "आठवड्याचा भाग" म्हटलंय म्हणून सात आठवडे, गुणिले ३०,०००, भरपाई २,१०,००० रुपये. दिवसाच्या हिशोबाने क्लॉज असता तर सुमारे २,०१,४०० आली असती. १० टक्क्यांची मर्यादा ६ लाख, त्याच्या आत आहे.

हे २२ दिवस स्वतःहून मान्य करणं कमिटीला जड जातं, सभासद ओरडतात की सगळे ६९ दिवस लावा. तसं करू नका. आपल्या चुकीचे दिवस प्रामाणिकपणे वजा केलेला हिशोब फार मजबूत असतो, त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा वकीलसुद्धा फार काही बोलू शकत नाही, आणि मुळात तेच न्याय्य आहे, लेबरला दारात बसवून ठेवलं आपण आणि पैसे त्याचे कापायचे हे बरोबर नाही. एखादी विंग आधी पूर्ण करून ताब्यात दिली असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी करणंही योग्य. आणि जिथे शक्य तिथे खऱ्या खर्चाची बिलं जोडा, वॉचमनचा पगार, कन्सल्टंटची जादा फी, टँकरच्या पावत्या, वरच्या घराच्या नुकसानीचे फोटो.

बिलात दाखवताना कामाचं बिल पूर्ण रकमेचं आणि त्यावरचा जीएसटी पूर्ण, भरपाई त्याच्या खाली वेगळ्या ओळीत वजा. उशिराच्या अशा भरपाईवर जीएसटी लागत नाही हे केंद्राच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय, त्यामुळे अकाउंटंटने त्यावर वेगळा टॅक्स लावला तर हे परिपत्रक दाखवा. कापण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला हिशोबाची कॉपी द्या, सात-दहा दिवस उत्तराला द्या, एक मीटिंग घ्या. बरेचसे वाद ह्याच मीटिंगमध्ये मिटतात, ४७ चे ४० होतात आणि दोघेही सही करतात. तडजोड झाली तर ती जनरल बॉडीत मांडा, नाही तर पुढची कमिटी तुम्हालाच प्रश्न विचारते.

तो काम सोडूनच गेला तर

मर्यादा संपली, नोटिशीला उत्तर नाही, साईट बंद. अशा वेळी घाईने दुसरा कॉन्ट्रॅक्टर आणू नका. आधी लेखी शेवटची तारीख, मग करार संपवल्याचं पत्र, मग ठराविक दिवशी संयुक्त मोजणीला बोलावणं. तो आला नाही तर कन्सल्टंट आणि दोन त्रयस्थ माणसांसमोर मोजणी, व्हिडिओ, सह्या. एकदा नव्या माणसाने प्लॅस्टर चढवलं की जुन्याचं काम किती होतं ते कायमचं झाकलं जातं. उरलेल्या कामाला दोन-तीन कोटेशन घ्या आणि वाजवी दराने द्या, कारण कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी करण्याचा तुमच्याकडे काय मार्ग होता हेही बघितलं जातं, सहा महिने तसंच पडू देऊन मग सगळा वाढलेला खर्च त्याच्यावर टाकता येत नाही. आणि हो, पावसात टेरेसवर ताडपत्री घालायचा खर्च लगेच करा आणि पावती ठेवा.

वाद पुढे न्यायचा झाला तर

सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाऊन उपयोग नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या पैशाचा वाद त्यांच्या अखत्यारीतला नाही. आर्बिट्रेशनचा क्लॉज असेल तर आधी तो वाचा. जुन्या छापील करारांत "कन्सल्टंट हाच आर्बिट्रेटर" असं असतं, ते आता चालत नाही, २०१५ च्या दुरुस्तीनंतर एका पक्षाचा सल्लागार आर्बिट्रेटर होऊ शकत नाही, आणि वादाशी हितसंबंध असलेला पक्ष एकतर्फी एकटा आर्बिट्रेटर नेमू शकत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात सांगितलं. म्हणून करारातच लिहा की दोघांच्या संमतीने एक आर्बिट्रेटर आणि जागा ठाणे, नाही तर नेमणुकीसाठीच हायकोर्टात जावं लागतं आणि ५-१० लाखांच्या वादाला ते परवडत नाही.

सोसायटी ग्राहक म्हणून ग्राहक आयोगातही जाऊ शकते, करारात आर्बिट्रेशन असलं तरी. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्याच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तिथे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दिवाणी दावा किंवा आर्बिट्रेशनला तीन वर्षं. ह्या मुदती पत्रव्यवहार चालू आहे म्हणून थांबत नाहीत, कॉन्ट्रॅक्टर "बघू, पुढच्या महिन्यात बसू" म्हणत राहतो आणि कमिटी बदलते, फाईल कपाटात जाते. करार, परिशिष्ट, रजिस्टर, तिन्ही पत्रं, पोस्टाच्या पावत्या आणि हिशोब हे सगळं एका फाईलमध्ये घालून, वर मुदत संपायची तारीख लिहून, चार्ज देताना नव्या सेक्रेटरीची त्यावर सही घ्या.